विमानाचं भाडं उतरलं की कळवणारं ॲप, दिवाळीपासून वापरून

उन्हाळ्यात दिल्लीमार्गे मनालीला जायचंय, आम्ही चौघं, म्हणजे तिकिटामागं शंभर वाचले तर घरात चारशे वाचतात, म्हणून दिवाळी झाल्या झाल्या ॲप टाकलं. नाव घेत नाही, टिंग वाजवणारी सगळी एकाच माळेतली.

टिंग वेळेवर वाजतंय की ओ. पण तो भाव एका माणसाचा! आत जाऊन चार प्रवासी टाकले की माणशी भाव वर. कस्टमर केअरला चॅटवर भांडलो, तिकडून नुसतं "गैरसोयीबद्दल क्षमस्व". शेवटी आमच्या बेळगावच्या खडेबाजारातल्या एजंटनं सांगितलं, विमानातल्या सीटा वेगवेगळ्या भावाच्या गटांत विकतात, खालच्या भावाच्या दोनच उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या तर सिस्टिम चारही वरच्या भावानं दाखवते. मोठ्या एअरबसला हे लवकर जाणवत नसेल, पण बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला, इंडिगोचं एटीआर आलं तर 78 सीटा, स्टार एअरचं एम्ब्रेअर 145 तर 50 च. एक वऱ्हाड चढलं की खालचा गट साफ. मग अलर्ट लावताना प्रवासी किती एवढं विचारायला ॲपच्या बापाचं काय जातंय? एक रकाना वाढवायचा, बस.

अपडेट, फेब्रुवारी: राग जरा उतरलाय. आता टिंग वाजलं की आधी एक, मग दोन, मग तीन प्रवासी टाकून बघतो, भाव जिथं उडी मारतो तिथं बुकिंग तोडायचं. जायची तिकिटं अशी दोन-दोन काढली, प्रत्येक बुकिंगात एक मोठं एक पोरगं. कन्व्हिनियन्स फी माणशीच असल्यानं तोडून वाढली नाही. पीएनआर मात्र दोन झाले, विमानाची वेळ बदलली तर दोन्ही सांभाळायचे.

कधी काढायचं म्हणाल तर ॲपचं "थांबा, भाव उतरेल" फार मनावर घेऊ नका. जूनमध्ये स्वस्त दाखवतंय, पण आपल्या कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता परत भरतात, जूनमध्ये सुट्टी मुंबई-पुण्याच्या पोरांना. विमानांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, त्यामुळं दिवाळीतच काढलं तर वेळ बदलायची धास्ती. ते विक्रीला नीट लागलेलं दिसलं की काढून मोकळं व्हायचं, मार्चअखेर परीक्षा संपायची वाट बघत बसलात तर सगळा गाव तेव्हाच काढतोय.

आणि ॲप गोव्याहून निघालात तर स्वस्त म्हणून तिथले मोपा, दाबोळी विमानतळ पुढं करतंय त्यात काय अर्थ नाही, चोर्ला घाटातून चौघांची टॅक्सी कोण धरणार? हुबळीचा अलर्ट ठेवा, तिथवर बस आहे.

तीन स्टार. रकाना आला तर चौथा देतो. परतीची अजून काढायचीत, काल तीन प्रवाशांपर्यंत भाव खाली होता, चौथ्याला उडी.