ब्रेकच्या जाम बोल्टांसाठी एक्स्ट्रॅक्टर गोट्यांचा संच: वापरानंतरचा अभिप्राय

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा सखल भागांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांची चाके पाण्यात गेली. इंजिन आणि वायरिंग लोकांनी लगेच तपासून घेतले. ब्रेकच्या बोल्टांकडे मात्र पॅड बदलायची वेळ येईपर्यंत कोणाचे लक्ष गेले नाही. आमच्या गाडीचेही तसेच झाले. त्यातच एका गॅरेजमध्ये बारा पैलूंच्या रिंग पान्याने जोर लावल्यामुळे पुढच्या कॅलिपर ब्रॅकेटच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यावर बसतो, त्या चौकटीच्या) १७ मिमी बोल्टाचे कोपरे पार झिजून गेले होते. त्यासाठी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका दुकानातून एक्स्ट्रॅक्टर गोट्यांचा, म्हणजे झिजलेले बोल्ट पकडून काढणाऱ्या सॉकेटांचा, हा संच घेतला.

या गोट्यांच्या आतल्या बाजूला सरळ पैलूंऐवजी उलट्या पिळाच्या धारा असतात. झिजलेल्या डोक्यावर गोटी हातोडीने ठोकून बसवायची आणि बोल्ट सोडवण्याच्या दिशेने फिरवायची, म्हणजे जोर वाढेल तशा धारा लोखंडात अधिकच रुततात. आम्ही तारेच्या ब्रशने गंज खरवडला, गंज सोडवणारे तेल आट्यांच्या दोन्ही टोकांना मारून बोल्ट रात्रभर तसाच ठेवला आणि मूळ मापापेक्षा एक माप लहान गोटी ठोकली. ती पूर्ण बसली की हातोडीचा पोकळ आवाज बदलून भरीव येऊ लागतो. तो येईपर्यंत टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) लावू नये. नंतर लांब दांड्याने सावकाश जोर दिला, तेव्हा एक कडक आवाज होऊन बोल्ट सुटला. ब्रॅकेटच्या बोल्टाचे डोके गाडीच्या आतल्या बाजूला असते, त्यामुळे चाकाच्या बाजूने पाहणाऱ्याला सोडवण्याची दिशा उलटी दिसते. घाईत तो आवळला जाण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे.

या संचाची खरी मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. जाम बोल्ट थोडा सोडवून, पुन्हा थोडा आवळून, आट्यांतला गंज मोकळा करत काढण्याची जी जुनी आणि उत्तम रीत आहे, ती येथे चालत नाही, कारण उलट फिरवताच गोटी डोक्यावरून सुटते. म्हणजे झिजलेले डोके पकडण्याचे काम हे हत्यार चोख करते, पण आटे मोकळे करण्याचे काम तेल, धीर आणि डोक्यावर मारलेले हलके टोले यांनी आधीच झालेले असावे लागते. ते न करता नुसता जोर वाढवला, तर पकड सुटत नाही आणि बोल्टच मानेतून तुटतो.

ब्रेक ऑइलची हवा काढण्याच्या निपलवर ही गोटी मुळीच ठोकू नये. निपल आतून पोकळ आणि नाजूक असते. तिला पहिल्यापासूनच सहा पैलूंची गोटी लावावी. ब्रेकच्या पाइपच्या नटमधून पाइप आरपार जात असल्याने तेथे ही गोटी बसतच नाही. त्यासाठी तोंडाशी फट असलेला वेगळा रिंग पाना मिळतो. काही गाड्यांत बोल्टाच्या आट्यांना कारखान्यातच चिकट द्रव लावलेला असतो आणि तो उष्णतेने मऊ होतो, हे खरे. पण जवळ रबरी आवरणे (बूट), होज आणि ब्रेक ऑइल असताना ज्योत वापरणे मला पटत नाही. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ती कधीच नको, कारण त्यातून अत्यंत विषारी वायू तयार होतो.

गोट्यांचे पोलाद चांगले आहे. धारा अजून बोथट झालेल्या नाहीत. बाहेरून षटकोनी आकार दिलेला असल्याने रॅचेट (गोटी फिरवायची खटक्याची मूठ) मावत नाही तेथे साधा पानाही लावता येतो. तक्रारी किरकोळ आहेत: मापांचे आकडे उथळ कोरलेले असल्याने तेलकट हातांनी ते वाचता येत नाहीत, आणि गोटीत अडकलेला बोल्ट मागच्या चौकोनी भोकातून पंचने ठोकून काढावा लागतो. संचाची किंमत एका नव्या कॅलिपरपेक्षा पुष्कळच कमी आहे.

काढलेला बोल्ट पुन्हा वापरता येत नाही, हे खर्चात धरावे. नवा बोल्ट मूळ बोल्टाच्याच ताकदीचा हवा, डोक्यावर १०.९ असा आकडा असेल, तर त्या जागी ८.८चा बसवू नये आणि तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावा. डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा थेंब गेला असेल, तर डिस्क स्वच्छ धुवावी आणि तेल प्यायलेले पॅड बदलावेत.

ज्यांच्याकडे अद्याप सहा पैलूंच्या साध्या गोट्या नाहीत, त्यांनी आधी त्या घ्याव्यात आणि हा संच नंतर. आमच्या संचात १५ मिमीची गोटी नाही. ती सुटी मिळते का, हे घेतानाच दुकानदाराला विचारून घ्यावे.