संग्रहासाठी जुनी दुनळी: घोड्याची डॅमॅस्कस घ्यावी की बिनघोड्याची बॉक्सलॉक?

दादरला राहणाऱ्या माझ्या मावसभावापुढे सध्या दोन बंदुका आहेत. एक बेल्जियन, काडतूस पेटवणारे घोडे बाहेरून दिसणारी, डॅमॅस्कस म्हणजे पट्ट्या पिळून घडवलेल्या नळ्यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. दुसरी बर्मिंगहॅमची बिनघोड्याची बॉक्सलॉक, म्हणजे घोडे आत पेटीत लपलेली, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. दोन्ही बारा बोअर, दोन्हींचे मालक वारसदार, दोन्ही फोर्टातल्या एकाच डीलरकडे ठेवलेल्या. आजोबांची एकनळी त्याच्या नावावर आधीच चढलेली आहे, म्हणजे लायसन्सवर आता एकच जागा उरली.

ही एक जागा हाच सगळा प्रश्न आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यातली मर्यादा तीनवरून दोन बंदुकांवर आणली आणि वारशानं आलेलं हत्यारही त्यातच मोजलं जातं. परदेशातला संग्राहक हौसेनं दहा घेतो, एखादी फसली तर विकून टाकतो. आपल्याकडे फसलेली दुनळी ती जागा अडवून बसते. म्हणून माझं मत आधीच सांगतो: नाव आणि नक्षी बघून घेऊ नका, नळ्या आणि कागद बघून घ्या.

डॅमॅस्कसचा मोह मला पूर्ण कळतो. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, सळईभोवती गुंडाळून ठोकून सांधायच्या आणि त्यातून नळी घडवायची. बेल्जियममध्ये लिएजच्या आसपास गावंच्या गावं या कामावर जगली. उजेडात नळी फिरवली की पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी हलते. माणसाच्या हातानं इतकं काम केलेली वस्तू हातातून खाली ठेववत नाही. पण तेवढेच तिच्यात सांधेही आहेत. जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूची राख आणि दमटपणा त्या सांध्यांत शिरला की गंज आतून खात जातो आणि बाहेरून नळी चकचकीत दिसत राहते. शिवाय स्वस्त बेल्जियन मालात साध्या नळीवर वरवर नक्षी काढण्याचीही पद्धत होती. पुढचं लाकूड काढून त्याच्या खालचा भाग बघा. नक्षी तिथे अचानक संपत असेल तर बंदूक परत ठेवा.

बॉक्सलॉकला असं रूप नाही. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्स या बंदूक कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी तिची रचना पेटंट केली. घोडे नळ्यांमागच्या पेटीच्या आत गेले आणि नळ्या खाली वाकवल्या की तेच चढू लागले. सुटे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. शंभर वर्षांनंतरही ती दुरुस्त होते. नळ्यांमधल्या पट्टीवर एखाद्या बड्या दुकानाचं नाव असेल तर हुरळून जाऊ नका. काळा घोड्याला ज्यांची इमारत आजही उभी आहे ते आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सवाले बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून बनवून घेत आणि आपलं नाव घालत. बनावट उत्तम असू शकते, पण ते नाव दुकानाचं असतं, कारागिराचं नव्हे.

खरी कुंडली असते नळ्यांच्या सपाट तळाशी. नळ्या सोडवून उलट्या केल्या की प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्या तपासून पास करणाऱ्या संस्थेचे, ठसे दिसतात. तिथे ‘नायट्रो प्रूफ’ असेल तर नळी आजच्या बिनधुराच्या दारूवर तपासलेली आहे. मावसभावाच्या बॉक्सलॉकवर तो ठसा स्वच्छ आहे. बेल्जियन बंदुकीवर फक्त काळ्या दारूचे ठसे आहेत. म्हणजे ती आजच्या काडतुसासाठी नाही, एकदाही नाही. बर्मिंगहॅमच्या १९२१ नंतरच्या ठशांत वर्षाचं अक्षरही सापडतं. विकणारा ‘इंग्रजांच्या काळातली’ एवढंच म्हणत असेल तर ते अक्षर त्याच्यापेक्षा जास्त सांगतं.

आता हातानं करायची तपासणी. दुकानात पहिल्यांदा हेच केलं. पुढचं लाकूड काढलं, नळ्या खालच्या आकड्यात बोट घालून लटकवल्या आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच टिचकी मारली. बॉक्सलॉकच्या नळ्या देवळातल्या छोट्या घंटेसारख्या वाजल्या आणि आवाज सावकाश विरत गेला. डॅमॅस्कसची जोडी ‘खट्’ करून गप्प झाली. पट्टीचा डाख कुठेतरी सुटलाय. त्या फटीत मुंबईचे किती पावसाळे जाऊन बसले असतील याचा विचार करा.

मग बंदूक पुढच्या लाकडाशिवाय जोडून, दस्ता घट्ट धरून नळ्या डाव्या-उजव्या हलवायच्या आणि खिडकीकडे धरून नळ्यांचं बूड व पेटीचं तोंड यांच्यात उजेडाची रेघ दिसते का बघायची. बेल्जियन बंदुकीत रेघ दिसली, केसाएवढी, पण दिसली. बंदूक उघडायची वरची किल्ली बंद झाल्यावर मध्यरेषेच्या थोडी उजवीकडे थांबली तर झीज कमी, डावीकडे गेली तर बिजागरी थकली. बॉक्सलॉकची अगदी मधोमध आहे. वापरलेली आहे, संपलेली नाही.

नळीतून पांढऱ्या भिंतीकडे बघा आणि सावकाश फिरवा. उजेडाच्या कड्या एकसारख्या सरकल्या पाहिजेत. कडी मोडली तिथे पोचा किंवा फुगवटा. पोचा निघतो, फुगवटा असेल तर सोडून द्या. खड्डे घासून काढलेली नळी आरशासारखी दिसते आणि तिचीच भीती जास्त, कारण पोलाद तितकं कमी झालेलं असतं. आतला व्यास ठशातल्या आकड्याशी ताडून बघा आणि नळीची जाडी गेजनं मोजून घ्या. कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर मी हात लावणार नाही. तोंडाशी दोन नळ्यांमध्ये मोकळी जागा दिसली तर नळ्या कापल्या आहेत. दस्त्याच्या मनगटाला तडे आणि खाचा बिघडलेले स्क्रू हेही बघाच. आणि रिकाम्या बंदुकीचा चाप कधी ओढू नका, खोटी काडतुसं घालूनच घोडे तपासा.

जाणकारांकडूनही एक गोष्ट सुटते, ती म्हणजे चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची, लांबी. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश बंदुकांची चेंबर अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची. आपल्याकडे मिळणारं खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस ७० मिलिमीटरचं. ते आत जातं, झाकण बंद होतं, सगळं ठीक वाटतं. पण बार उडताना काडतुसाचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. बंदूक बंद झाली म्हणजे काडतूस बसलं असं नाही.

सांभाळण्यातही फरक आहे. डॅमॅस्कसची नक्षी एकदा गंजली की पुन्हा तपकिरी रंग चढवणारा हात सहज मिळत नाही, बॉक्सलॉकची काळी झिलई परत चढवता येते. दोन्ही चामड्याच्या पेटीत मात्र ठेवू नका. पावसाळ्यात चामडं पाणी धरतं. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावं लागू शकतं, त्या आठवड्यांचाही विचार करा. माझी एकदा पावसाळ्याच्या तोंडावर जमा झाली होती, परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस लव आली होती. आता जमा करण्याआधी आतून-बाहेरून तेलाचा हात देतो.

कागदांत तीन गोष्टी. नळ्या, पेटी आणि पुढचं लाकूड यांवरचे नंबर एकमेकांशी आणि विकणाऱ्याच्या लायसन्सवरच्या नोंदीशी जुळले पाहिजेत, एक आकडाही वेगळा नको. वारसदार स्वतः विकत असेल तर त्यानं ४५ दिवस आधी लेखी कळवलेलं असावं. आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, म्हणजे उद्या मुलाकडे परदेशात नेता येणार नाही.

डॅमॅस्कस सोडवत नसेल तर तिसरी वाट आहे. दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला शस्त्र कायद्याच्या कलम ४५ खाली सूट आहे. तशी एखादी सापडली तर भिंतीवर लावा, मनसोक्त बघा, लायसन्सवरची जागाही शाबूत राहते. फक्त ती खरंच निकामी आहे हे तोंडी मानू नका, पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडून लेखी घ्या.

मावसभावाला मी बॉक्सलॉक सांगितली आहे. तो अजून त्या तरंगांचे फोटो मोबाइलवर उघडून बसतो आणि मी त्याला दोष देत नाही. शनिवारी आम्ही चेंबर गेज घेऊन पुन्हा फोर्टात जातोय. ६५ निघाली तरी घ्यायचीच, फक्त खडकीचं काडतूस तिच्याजवळ ठेवायचं नाही.