वेबकॅम चांगला आहे, संगणकाला दिसला तर

हा यूएसबी वेबकॅम घेऊन आता बरेच महिने झाले. १०८०पी, ३० फ्रेम, आत माइक, मॉनिटरवर अडकवायची क्लिप आणि कॅमेऱ्यालाच कायमची जोडलेली दीड मीटरची केबल. रोज ऑनलाइन क्लास आणि मीटिंगसाठी वापरतो. चित्राबद्दल फारशी तक्रार नाही. चांगला उजेड असेल तर लॅपटॉपच्या अंगच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सरस. तक्रार वेगळीच आहे. अधूनमधून हा पठ्ठ्या संगणकाला सापडतच नाही. त्यामुळे या लिखाणात कॅमेऱ्याचं कौतुक कमी आणि शोधाशोध जास्त आहे.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. मग संगणक स्लीपमधून उठला की कॅमेरा गायब व्हायला लागला. केबल काढून परत लावली की हजर. असं झालं की बहुतेक जण आधी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण संगणकाला ओळखता यावं यासाठीचं सॉफ्टवेअर, शोधायला धावतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हल्लीचे जवळपास सगळे यूएसबी वेबकॅम यूव्हीसी, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास, या मानकावर चालतात. मानक २००३ सालचं. विंडोज आणि मॅकमध्ये त्याचा ड्रायव्हर आतच असतो, लिनक्सच्या कर्नलमध्येही (सिस्टिमचा गाभा) तो २००८ पासून आहे. कंपनीच्या साइटवरून उतरवतो ते बहुधा झूम आणि रंग कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर असतं. ते नसलं म्हणून कॅमेरा अडत नाही. आणि 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट' असं सांगणाऱ्या प्रोग्रामांना तर दारातही उभं करू नका.

आधी एकच गोष्ट ठरवायची: कॅमेरा संगणकालाच दिसत नाहीये, की फक्त ॲपला? विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडून 'कॅमेराज' खाली नाव आहे का ते बघायचं (जुन्या आवृत्त्यांत 'इमेजिंग डिव्हायसेस'). लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा, मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधला यूएसबी विभाग. तिथे नाव असेल तर केबलला हात लावू नका, दोष वरच्या मजल्यावर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आहे.

याहून सोपी युक्ती माइकची. वेबकॅम हे बाहेरून एक उपकरण दिसलं तरी संगणकाला त्यात दोन भाग दिसतात, व्हिडिओ आणि ऑडिओ, आणि दोन्ही त्याच दोन डेटा तारांवरून बोलतात. साउंड सेटिंगमध्ये जाऊन इनपुटच्या यादीत कॅमेऱ्याचा माइक आहे का पाहायचा. माइक आहे आणि कॅमेरा नाही, याचा अर्थ केबल, पोर्ट, वीज सगळं जागेवर आहे. गडबड व्हिडिओच्या ड्रायव्हरची नाहीतर परवानगीची. दोन्ही गायब असतील तर मात्र टेबलाखाली वाकायची तयारी ठेवा. माझा निम्मा वेळ या एका तपासणीने वाचला.

स्लीपनंतरच्या गोंधळाचं मूळ वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये निघालं. रिकामं बसलेलं यूएसबी उपकरण विंडोज झोपवून ठेवतं, आणि काही कॅमेरे त्या झोपेतून नीट उठत नाहीत. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या (संगणकाच्या आतलं यूएसबी पोर्टांचं केंद्र) पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली, आणि तो प्रकार थांबला. काही लॅपटॉपांवर हे पर्याय दिसतच नाहीत. आणखी एक: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणून बंद करून चालू केल्याने न सुटलेली अडचण 'रिस्टार्ट'ने सुटते. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

यानंतर काही काळ शांतता होती. मग एका अपडेटनंतर नवंच: डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा ठणठणीत, ॲपमध्ये अंधार. प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'डेस्कटॉप ॲप्सना कॅमेरा वापरू द्या' हे बटण बंद झालेलं होतं. ब्राउझरमधून मीटिंग करणाऱ्यांनी ब्राउझरची परवानगी आणि त्या साइटची परवानगी या दोन्ही पाहाव्यात; मॅकवर परवानगी दिल्यावर ॲप पूर्ण बंद करून उघडावं लागतं. काही अँटिव्हायरसही वेबकॅम अडवून धरतात. विंडोजच्या कॅमेरा ॲपमधला एरर कोड निरखून वाचा: शेवटी ४२४४ असेल तर ॲपला कॅमेरा मिळालेलाच नाही, ४२४३ असेल तर तो दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामने धरून ठेवलाय. दुसऱ्या बाबतीत मागे उघडं राहिलेलं मीटिंगचं ॲप बंद करायचं, विषय संपला.

सगळ्यात जास्त छळलं ते केबलने. कॅबिनेट टेबलाखाली, कॅमेऱ्याची तार तोकडी, म्हणून मध्ये एक्स्टेन्शन लावलं होतं आणि तेही कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये. डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून एका हाताने तो सांधा हळूच हलवला. टिंग-टुंग. यादी लुकलुकली, कॅमेऱ्याचं नाव गेलं आणि पिवळ्या त्रिकोणासकट 'अननोन यूएसबी डिव्हाइस', खाली कोड ४३. कंसात 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड'. म्हणजे पोर्टला कळतंय की काहीतरी जोडलंय, पण 'तू कोण' या प्रश्नाला धड उत्तर येत नाही. यूएसबी २.० मध्ये चार तारा: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. विजेच्या जोडीला थोडा सैल सांधाही चालून जातो. डेटाच्या जोडीवरून ४८० मेगाबिटचा वेग धावतो, तिथे जरासुद्धा चालत नाही. यूएसबीच्या मूळ मानकात साध्या एक्स्टेन्शन केबलला मुळात जागाच नाही. पुढचं पोर्टही आतल्या एका तारेनेच मदरबोर्डला जोडलेलं असतं, म्हणजे आणखी एक सांधा. एक्स्टेन्शन काढलं, कॅबिनेट जवळ ओढलं, थेट मागच्या पोर्टमध्ये लावलं. कोड ४३ पुन्हा दिसलेला नाही.

हबबद्दल, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीबद्दल, एक गैरसमज सर्रास आहे. निळ्या पोर्टचा, यूएसबी ३.० चा हब घेतला की कॅमेऱ्यांना भरपूर जागा मिळेल असं वाटतं. तसं होत नाही. कॅमेरा यूएसबी २.० चा असेल तर तो त्या हबमधल्या २.० च्याच वाटेने जातो, आणि त्या हबवरची २.० ची सगळी उपकरणं मिळून ४८० मेगाबिटच वाटून घेतात. १०८०पीचं चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) सेकंदाला ३० फ्रेमने पाठवायचं तर सुमारे १२४ मेगाबाइट, म्हणजे जवळजवळ १००० मेगाबिट लागतील. ते मावत नाही, म्हणून कॅमेरा प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबून पाठवतो. एकाच हबवर दोन कॅमेरे लावले की दुसरा यादीत दिसतो, पण चालू करताना अडतो. अशा वेळी रिझोल्यूशन ६४० बाय ४८० वर आणून पाहा. चाललं तर कॅमेरा शाबूत आहे, जागा कमी पडतेय. त्याला वेगळ्या पोर्टवर न्या.

बाकी कॅमेऱ्याबद्दल. ऑटोफोकस उगाच चाळवतो, वही जवळ धरली की शोधतच बसतो. मी तो बंद करून ठेवलाय. कमी उजेडात चित्र अडखळतं, कारण प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो आणि ३० चे १५ होतात. समोर एक दिवा ठेवला की पुरतं. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर अँटी-फ्लिकरमध्ये आपल्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झ निवडा. माइक कामचलाऊ.

विक्रेत्याच्या मदत केंद्राने प्रत्येक वेळी ड्रायव्हर पुन्हा टाकायला सांगितलं, केबलचं नावही काढलं नाही. कॅमेरा मी बदलणार नाही. नवा घेणाऱ्यांनी मात्र ज्याची केबल कॅमेऱ्यापासून वेगळी करता येते असाच बघावा. मॉनिटर सारखा पुढेमागे करून माझी तार क्लिपच्या बिजागरीपाशी आता दुमडायला लागली आहे, आणि ती तुटली तर बदलायची सोय नाही.