कंट्रोलर नवा म्हणून ३८,००० घेतले, नवा होता तो फक्त स्टिकर

फोर-व्हीलचा दिवा नुसताच लुकलुकतो आणि गाडी फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळण्याच्या मोडमध्ये, जात नाही, ही तक्रार घेऊन कोकणात कुणी गॅरेजला निघाला असेल तर त्याने आधी हे वाचावं.

माझी गाडी जुनी डिझेल एसयूव्ही. फोर-व्हील लावायला दांडा नाही, डॅशबोर्डवर गोल नॉब आहे. तो फिरवला की कंट्रोलर ट्रान्सफर केसवरच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवरच्या) मोटरला करंट देतो आणि मोटर आतला गिअर सरकवते. देवगडकडे आमची कलमं आहेत. बागेचा चढ जांभ्याचा, पावसात शेवाळ धरतो. तिथे फोर-व्हील नसेल तर गाडी खालीच ठेवावी लागते. पावसाच्या तोंडावर नेमकं तेच बंद पडलं.

हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, स्क्रीन क्षणभर माझ्यासमोर धरली आणि सांगितलं, "कंट्रोलर गेला, ३८,००० लागतील." जुना पार्ट मागितला तर म्हणाले, तो एक्स्चेंजमध्ये गेला. पक्कं बिल मागितलं तर हातात कच्चा कागद दिला, त्यावर 'इलेक्ट्रिकल काम' एवढंच. गाडी चालू झाली खरी, पण पहिल्या जोरदार सरींनंतर पुन्हा तीच रड. आता म्हणे मोटर जळली, आणखी २६,००० द्या.

मी गाडी तिथून काढली आणि कणकवलीत एसटीतून निवृत्त झालेल्या एका इलेक्ट्रिशियनकाकांकडे नेली. त्यांनी स्कॅनरला हातही लावला नाही. आधी बॅटरी बघितली, १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी कंट्रोलरच्या अर्थवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरवर, धरून मला नॉब फिरवायला सांगितलं. तिथे जेमतेम ०.१ व्होल्ट दिसायला हवा होता, आकडा गेला ३.२ वर. "मोटर बरी आसा. अर्थ कुसलो."

चॅसीला, म्हणजे त्या सांगाड्याला, जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते तिथलं लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) त्यांनी सोडवलं. इन्सुलेशन वरून धडधाकट, आत तांब्याची हिरवी भुकटी आणि उरलेले चार-दोन तंतू. खारं वारं आणि दमट हवा यांचं आपल्याकडे हे नेहमीचं काम. वायर तुटली का हे बघायला मीटर लावला तर अशा वायरवरही बीप वाजतो, कारण त्याला नावापुरता करंट पुरतो. पण मोटर जोराने करंट ओढते तेव्हा तिच्या वाट्याचे व्होल्ट तिथेच खर्च होतात. ती अर्धवट फिरून थांबते आणि कंट्रोलर एरर कोड नोंदवतो. कोड कोणत्या सर्किटमध्ये बिघाड आहे तेवढं सांगतो, कोणता पार्ट मेला ते सांगत नाही. गॅरेजवाल्यांनी काम करताना तो बोल्ट हलवून आवळला असणार, म्हणून गाडी काही काळ चालली.

काकांनी वायर चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापली, नवं लग दाबून बसवलं, चॅसी घासून लखलखीत केली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. मीटर ०.०८. खर्च ७०० रुपये.

मग मी कंट्रोलर बाहेर काढायला सांगितला. वर चकचकीत स्टिकर, त्याच्या कडेखाली जुन्या लेबलची पिवळी किनार. आणि ब्रॅकेटच्या कानावर आडवा ओरखडा. म्युझिक सिस्टीम बसवताना पुतण्याचा स्क्रू-ड्रायव्हर घसरला होता, तोच! वायरिंग लक्षात राहावं म्हणून त्याने तेव्हा काढलेला फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. माझाच कंट्रोलर पुसून मला विकला होता.

म्हणून काम सांगायच्या आधी पार्टच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, जुना पार्ट परत हवा हे लिहून घ्या, आणि अर्थवरचा आकडा नॉब फिरवताना तुमच्यासमोर मोजायला लावा. जो मोजायला तयार नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

गॅरेजवाल्याने 'पोराची चूक' म्हणत निम्मे पैसे देऊ केले, ते मी घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. ओरखड्याचे जुना आणि आताचा असे दोन्ही फोटो आणि तो कच्चा कागद फाइलला लावून ठेवलाय.