रीसस की पिगटेल? माकडांवरचा अभ्यास आणि आमची तापी

मी रावेरचा, मायक्रोबायोलॉजी केलंय, सुट्टीत घरी आलो की मामा विचारतात, "काय रे भो, माकडांचं काय तपासतात तुमच्यात?" तर ऐका.

गर्भाशयाच्या इन्फेक्शनच्या अभ्यासासाठी उंदीर स्वस्त पडतो पण त्याला पाळी येत नाही, म्हणून मग माकड. त्यात माकडांच्या दोन जातींची नावं सतत येतात. रीसस म्हणजे आपलं लाल तोंडाचं, जुन्या पुस्तकांत त्याची दक्षिण हद्द आपली तापीच धरलीय. पाळीचं चक्र २८ दिवसांचं, गर्भ साधारण साडेपाच महिने. लिस्टेरियाने गर्भ कसा जातो ते गाभण रीससमध्ये बघितलंय, तोच जंतू जो बिघडलेल्या मुरघासातून शेळीला गाभडवतो, मामांना हे लगेच पटलं कारण त्यांची एक तशीच गेली होती. पण रीसस सीझनवर वितो, आणि भारताने १९७८ पासून त्याची निर्यात बंद केली.

पिगटेल मलेशिया-सुमात्राकडचं, शेपूट आखूड, डुकरासारखं. वर्षभर वितं, वाट बघायला नको. मादीची मागची कातडी बीज सुटायच्या सुमारास फुगते आणि नंतर बसते, म्हणजे रोज रक्त न काढता लांबूनच अंदाज येतो. माणसाचा क्लॅमिडिया, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू, त्यांच्यात टिकतो, म्हणून लैंगिक आजार आणि गर्भनळ्यांच्या सुजेच्या अभ्यासासाठी मी तरी पिगटेलच म्हणेन. गर्भपाताच्या कामाला रीसस, त्याचा जुना डेटा भरपूर आहे ना.

मामा म्हणे, "मग केळीच्या बागेतली घेऊन जा की!"