एअर-कूल्ड ९११: जपायला घ्यायची की ट्रॅकवर पळवायला?

जर्मनीत काही वर्षं नोकरी झाली, कायमचा व्हिसा हातात आला की आपल्या पुण्या-मुंबईहून आलेल्या, गाड्यांच्या कंपन्यांत काम करणाऱ्या मंडळींच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो, जुनी पोर्शे. तीही एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने इंजिन थंड होणारी ९११च हवी, म्हणजे १९९८ ला ९९३ ही अशी शेवटची पिढी बंद झाली तोपर्यंतची कुठलीही. इथवर ठीकच, पण पुढचं वाक्य हमखास येतं की अधूनमधून ट्रॅकवर नेईन आणि दहा वर्षांनी विकली की पैसेही वसूल. अहो, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यासाठी घ्यायची गाडीच वेगळी असते, त्यामुळे हे आधी ठरवायला लागतं.

९११ चीच ३.२ लिटर इंजिनाची कॅरेरा धरू, मॉडेल इयर १९८४ ते ८९, युरोपातली २३१ हॉर्सपॉवरची. संग्रहासाठी घेणारा आला की आधी इंजिन नंबर आणि गिअरबॉक्स नंबर कंपनीच्या नोंदीशी जुळतात का ते बघणार, मग गाडी पुन्हा रंगवलीय का ते कळायला रंगाची जाडी मोजायचं ते छोटं यंत्र एकेका पत्र्यावर टेकवत गाडीभोवती फिरणार, सर्व्हिस बुकातले शिक्के वाचणार, पुढचं बॉनेट उघडून टूलकिट आणि स्पेअर चाकात हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर जागेवर आहे का तेही तपासणार. हे सगळं असलं की भाव चढतो. १९८७ पासून जी-५० गिअरबॉक्स आला म्हणून त्यानंतरच्या गाड्यांना अजून जास्त मागणी (आधीचा ९१५ वाईट नाही, पण थंडीत दुसरा गिअर टाकताना जरा मिनतवाऱ्या कराव्या लागतात).

ट्रॅकवाल्याला यातल्या निम्म्या गोष्टींशी काही देणंघेणं नाही. त्याला गंज नको, सिलिंडरचा लीक-डाउन टेस्ट (आत भरलेली हवा किती गळते ते) चांगला हवा आणि हेड स्टड, म्हणजे सिलिंडर हेड धरून ठेवणारे लांब बोल्ट, शाबूत हवेत, कारण या इंजिनात एक्झॉस्टच्या बाजूचे डिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड तुटतात आणि ते व्हॉल्व्ह कव्हर उघडल्याशिवाय कळतही नाही. बाकी इंजिन कधीतरी बदललेलं असेल, लाल गाडी कुणी काळी केली असेल, आतली सीट भलत्याच कंपनीची असेल, तर फारच छान. ज्या गोष्टीवर संग्राहक नाक मुरडतो तीच ट्रॅकवाल्याला भावात मिळणारी सूट आहे, आणि माझं सगळं मत यावरच उभं आहे. ट्रॅकवर जायचं असेल तर आधीच "बाटलेली" गाडी घ्या. नंबर जुळणारी, मूळ रंगाची गाडी घेऊन तिच्यात रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा) ठोकणं म्हणजे पैसे जाळणं, शिवाय तशा गाड्या आता नव्याने बनणार नाहीयेत.

आता पैशाचं. जर्मनीत गाडी ३० वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली की तपासणी करून एच-नंबरप्लेट, म्हणजे जुन्या ऐतिहासिक गाड्यांची प्लेट मिळते, मग इंजिन कितीही मोठं असो, वर्षाचा टॅक्स साधारण १९१ युरो, आणि जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या शहरातल्या पर्यावरण झोनमध्येही जाता येतं. पण त्या काळाशी न जुळणारे बदल केलेत तर ही प्लेट जाऊ शकते. जुन्या गाड्यांचा इन्शुरन्सही स्वस्त असतो, पण अटी वाचा: गाडी गॅरेजमध्ये ठेवायची, रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, वर्षाला ठरावीक किलोमीटर, आणि ट्रॅकवर काही झालं तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. न्युर्बुर्गरिंग या प्रसिद्ध रेस ट्रॅकवर पब्लिक सेशन असतं, तिकीट काढून कुणीही जाऊ शकतो, म्हणून लोकांना वाटतं हा रस्ताच आहे, इन्शुरन्स चालेलच. बऱ्याच कंपन्यांनी तो स्पष्ट शब्दांत वगळलाय. २०.८ किलोमीटरचा लॅप, बाजूला मोकळी जागा जवळपास नाहीच, चुकलात की थेट गार्डरेल, आणि गाडीच्या खर्चाबरोबर त्या गार्डरेलचं बिलही तुमच्याच नावावर. पहिल्यांदा जात असाल तर होकेनहाइमचा ट्रॅक बरा, तिथे निदान चुकायला जागा आहे.

चालवण्याच्या बाबतीत मात्र ट्रॅकवाल्याचं पारडं जड आहे हे मान्य. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर यायला बघते, ३.२ ला एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, रस्त्याचा बारीकसारीक खडा हाताला कळतो. ही गाडी खरी काय आहे ते ट्रॅकवरच समजतं, हायवेवर १३० ने जाताना नाही. पण तिसऱ्याच्या जागी चुकून दुसरा गिअर पडला की इंजिन नको तितकं फिरतं, तिथे रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) काही करू शकत नाही, आणि मग व्हॉल्व्ह वाकतात. एअर-कूल्ड इंजिन पूर्ण उघडून बांधायचं बिल ऐकून बायको काय म्हणेल याचा विचार आधीच केलेला बरा.

जपणाऱ्यांचाही एक गैरसमज असतो की गाडी चालवलीच नाही तर ती टिकते. उभ्या गाडीचे सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं, ब्रेक कॅलिपर जाम होतात, टायरला चर भरपूर दिसते पण रबर दगड झालेलं असतं. महिन्यातून एकदा तरी तेल नीट तापेपर्यंत चालवा. आणि तेल बघायचं ते इंजिन गरम, सपाट जागी, आयडलवर चालू असताना, कारण हे ड्राय संप इंजिन आहे, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी नाही तर वेगळ्या टाकीत असतं. थंड इंजिनात डिपस्टिक कोरडी दिसली म्हणून लोक दोन लिटर ओततात आणि मग एअर फिल्टरमधून तेल बाहेर.

मला विचाराल तर बजेट एकाच गाडीचं असेल आणि ९११ च हवी असेल, तर चांगली मूळ गाडी घ्या, श्वार्त्सवाल्डच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) घाटात मनसोक्त चालवा, ट्रॅकचं नाव काढू नका. ट्रॅकची खाज असेल तर पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घ्या, टनाच्या आसपास वजन, टायर-ब्रेक स्वस्त. पोर्शेचंच नाव हवं तर ९४४, पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, फार समतोल गाडी, फक्त टायमिंग बेल्ट वेळेत बदला, आणि लांब वळणांत तेल कमी पडून दोन नंबरचं रॉड बेअरिंग जातं हे लक्षात ठेवा.

बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, कारण दोष दिसतात ते थंड इंजिन सुरू करताना. आधीच तापवून ठेवलेलं दिसलं तर तसेच मागे फिरा. आणि पुढेमागे गाडी पुण्याला न्यायचं मनात असेल तर ते आत्ताच विसरा, भारतात वापरलेली गाडी आणायची तर साधारण तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते, आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे १९८७ च्या गाडीला २०३७ पर्यंत थांबा.