तक्त्यातलं वजन की झेपणारं वजन?

समजा, खानापूरची एक बाई. उंची १६० सेंमी, वजन ११० किलो, जठर लहान करायची स्लीव्ह शस्त्रक्रिया झालेली. तिनं किती वजनाचं ध्येय ठेवावं? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, २३ धरला तर उंची-वजनाचा तक्ता म्हणतो, ५९ किलो. ऐकायला छान, पण ५१ किलो उतरवायचे!

दुसरा हिशेब जादा वजनाचा. या ५१ किलोंतलं साधारण ५० ते ७० टक्के उतरतं, तेही बहुतेक पहिल्या दीड वर्षात. ६० टक्के धरले तर ३१ किलो, म्हणजे काटा ७९ वर. मला हाच पटतो. पुढे थोडं वजन परततंही. बेळगावात लग्नसराईतला गोड कुंदा कुणाला चुकलाय? ७९ वरही साखर, रक्तदाब, गुडघेदुखी बरीच आटोक्यात येऊ शकते. तक्ता धरून बसलेली मात्र तिथेही स्वतःला नापास ठरवते.